न सुटलेले गहाण : ऑर्कनी द्वीपसमूहाच्या इतिहासाची प्रस्तावना

इ. स. १४६८ च्या सप्टेंबर महिन्यात, डेन्मार्क आणि नॉर्वे या दोन्ही राज्यांचा धनी असलेला राजा पहिला क्रिश्चन याने आपली कन्या मार्गारेट हिचा विवाह स्कॉटलंडचा तरुण राजा तिसरा जेम्स याच्याशी कोपनहेगन मुक्कामी निश्चित केला, आणि त्या प्रसंगी जो करारनामा झाला त्यात हुंड्याची रक्कम ६०,००० ऱ्हाइनी फ्लोरिन अशी नमूद करण्यात आली. त्यांपैकी १०,००० रोख भरावयाचे आणि राहिलेल्या ५०,००० साठी नॉर्वेच्या राजाच्या ऑर्कनी बेटांतील जमिनी, हक्क व उत्पन्ने स्कॉटलंडच्या राजाकडे तारण राहावयाची, असे ठरले. रोखीचा भरणा करण्याची वेळ आली तेव्हा खजिन्यातून केवळ २,००० निघाले. म्हणून कमी पडलेल्या ८,००० साठी १४६९ च्या मे महिन्यात त्याहून उत्तरेकडची शेटलंड बेटेही त्याच गहाणात घालण्यात आली. रक्कम फिटताच बेटे मोकळी व्हावयाची होती. रक्कम फिटली नाही; आणि गहाण ठेवून घेणाऱ्याने चार वर्षेही वाट न पाहता, १४७२ च्या फेब्रुवारीत, आपल्या संसदेच्या ठरावाने ही बेटे खालसा करून टाकली. पुढे सुमारे दोनशे वर्षे डेन्मार्कचा दरबार पैसे भरून गहाण सोडविण्याची गोष्ट मधूनमधून काढीत राहिला, आणि दर वेळी काही ना काही सबब सांगून ती लांबणीवर टाकण्यात आली.

राजघराण्यांच्या इतिहासात या व्यवहाराला एका परिच्छेदाहून अधिक जागा मिळत नाही, आणि राजांच्या दृष्टीने पाहिल्यास ते योग्यही असेल. परंतु ज्या कुटुंबांची शेते, कुरणे आणि समुद्रकाठ या करारनाम्याने एका मुकुटाकडून दुसऱ्या मुकुटाकडे गेले, त्यांना कोणी काही विचारले नव्हते. त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ आपल्या जमिनीचा कागदही नव्हता, कारण त्यांच्या कायद्याला कागदाची गरजच नव्हती. जमीन कोणाची, आणि ती आपली आहे हे माणसाने कशाच्या आधारावर सांगावे, हा प्रश्न ऑर्कनीच्या पाच हजार वर्षांच्या ज्ञात इतिहासात इतक्या वेळा आणि इतक्या निरनिराळ्या रूपांनी उभा राहतो की, या ग्रंथाची मांडणी मी राजांच्या कारकिर्दींवरून न करता त्या प्रश्नावरून केली आहे.

प्रथम भूमीविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला केथनेस नावाचा परगणा आहे. त्याच्या पलीकडे पेंटलंडची सामुद्रधुनी, आणि तिच्या पलीकडे लहानमोठ्या सुमारे ७० बेटांचा हा समूह. त्यांपैकी २० च्या आसपास बेटांवर आज वस्ती आहे. सामुद्रधुनी रुंदीने फारशी नाही, पण अटलांटिक महासागर आणि उत्तर समुद्र यांचे पाणी भरती-ओहोटीला तेथे अशा वेगाने एकमेकांत शिरते की जाणत्या नावाड्यालाही वेळ पाहूनच होडी घालावी लागते. सर्वांत मोठ्या बेटाला ‘मेनलँड’ असेच नाव असून कर्कवॉल आणि स्ट्रॉमनेस ही दोन्ही मुख्य गावे त्याच्यावर आहेत. डोंगराळ हॉय बेट सोडले तर भूमी सखल, हिरवी आणि कसदार आहे, म्हणून शेटलंडचा मनुष्य जसा मुख्यतः समुद्रावर जगला तसा ऑर्कनीचा जगला नाही. तो शेतकरी, आणि होडी त्याच्या शेतीची पुरवणी. झाडे मात्र जवळजवळ नाहीत. आणि लाकडाच्या या अभावाचा एक परिणाम असा झाला की, जे इतरत्र लाकडाने बांधले गेले आणि कुजून गेले, ते येथे दगडाने बांधले गेले आणि उरले. येथील वालुकाश्माच्या पातळ, सपाट फरशा सहज निघतात. त्यांची भिंत होते, छत होते, आणि प्राचीन काळी त्यांची पलंग-फडताळेसुद्धा होत असत.

हे कळले ते १८५० च्या हिवाळ्यातील एका तुफानामुळे. मेनलँडच्या पश्चिम किनाऱ्यावर स्केलच्या उपसागराशी असलेली वाळूची टेकडी त्या वादळाने उघडी पाडली आणि तिच्या पोटात घरे दिसली. स्कारा ब्रे हे त्या वस्तीचे नाव. १९२८ ते १९३० या काळात गॉर्डन चाइल्ड यांनी तेथे पद्धतशीर उत्खनन केले, आणि पुढे कालगणनेची साधने सुधारल्यावर असे निश्चित झाले की ही वस्ती इ. स. पूर्व ३१०० च्या सुमारास वसली आणि सुमारे सहाशे वर्षे नांदली. म्हणजे गिझाचा महान पिरॅमिड उभा राहण्यापूर्वी कित्येक पिढ्या येथे माणसे चूल पेटवीत होती. घराच्या मध्यभागी चूल, दोन बाजूंना दगडी कडांचे बिछाने, दारासमोर दोन फळ्यांचे दगडी फडताळ, आणि घराघरांना जोडणारी झाकलेली बोळ. घरे एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की त्यांत मुख्याचे घर कोणते हे ओळखता येत नाही. एवढ्यावरून त्या समाजात मुख्य नव्हताच असे अनुमान काढणे धाडसाचे होईल. पण जे दिसते ते वाचकासमोर ठेवलेच पाहिजे.

तेथून काही मैलांवर ब्रॉडगरचे शिलावर्तुळ, स्टेनेसच्या उभ्या शिळा आणि मेसहाऊची समाधी आहे. मेसहाऊच्या लांब बोळातून हिवाळ्याच्या सर्वांत लहान दिवसांत मावळतीचा किरण आतल्या दालनाच्या भिंतीपर्यंत पोहोचतो. बाराव्या शतकात ती फोडून आत शिरलेल्या नॉर्स लोकांनी भिंतींवर सुमारे ३० लेख कोरून ठेवले आहेत. या सर्व स्थळांविषयी इंग्रजीत विपुल वाङ्मय आहे. मला येथे विशेष उल्लेख करावयाचा आहे तो आज अस्तित्वात नसलेल्या एका शिळेचा. ओडिनची शिळा म्हणून ती ओळखली जात असे. तिला आरपार भोक होते, आणि दोन माणसांनी त्या भोकातून हात घालून एकमेकांचा हात धरला व वचन दिले, की ते वचन मोडणारा समाजात तोंड दाखवू शकत नसे. सोयरीक असो की सौदा असो, साक्ष शिळेची. डिसेंबर १८१४ मध्ये बाहेरून आलेल्या एका खंडकऱ्याने, ही शिळा पाहण्यास येणारे लोक आपली जमीन तुडवितात या रागाने, ती फोडून टाकली, आणि लोकांचा क्षोभ झाला नसता तर स्टेनेसच्या राहिलेल्या शिळांचीही तीच गत झाली असती. कागदावाचून चालणाऱ्या व्यवहाराची ती शेवटची दृश्य खूण होती असे म्हणण्यास हरकत नाही.

नवव्या शतकापर्यंत नॉर्वेतील लोक येथे स्थायिक झाले होते. त्यांच्या आधीचे पिक्ट लोक मारले गेले, मिसळले की दबून राहिले, याविषयी पंडितांत एकमत नाही. गावांची, शेतांची आणि खडकांची नावे मात्र जवळजवळ सर्व नॉर्स आहेत. त्यांच्या सरदारांचा, म्हणजे ‘अर्ल’ पदवीच्या अधिपतींचा, वृत्तांत आइसलँडमधील कोणा अज्ञात लेखकाने इ. स. १२०० च्या सुमारास लिहिलेल्या ‘ऑर्कनेयिंगा सागा’ या ग्रंथात आला आहे. त्यातील एक प्रसंग या बेटांच्या अंतःकरणात आजही जिवंत आहे. हाकोन आणि मॅग्नस हे दोघे चुलतभाऊ राज्याचे सामाईक धनी होते. त्यांच्यात वितुष्ट आले, आणि १११७ च्या सुमारास एगिल्से बेटावर दोघांनी प्रत्येकी दोनच जहाजे आणून समेट करावा असे ठरले. मॅग्नस दोन घेऊन आला, हाकोन आठ. मॅग्नसचा वध करण्यास हाकोनच्या निशाणबरदाराने नकार दिला, तेव्हा ते काम त्याच्या आचाऱ्यावर लादण्यात आले. तो रडू लागला. मॅग्नसने त्याला धीर दिला, आपला अंगरखा त्याला देऊ केला, आणि घाव डोक्यावर घालण्यास सांगितले, कारण चोराप्रमाणे शिरच्छेद होणे त्याला उचित वाटले नाही. त्याच्याच भाच्याने, रॉग्नवाल्डने, ११३७ मध्ये कर्कवॉल येथे त्याच्या नावाचे मंदिर बांधावयास घेतले. तांबड्या आणि पिवळ्या दगडाचे ते भव्य देवालय आजही उभे आहे, आणि १९१९ मध्ये दुरुस्तीच्या वेळी त्याच्या एका स्तंभात एक पेटी सापडली, जिच्यातील कवटीवर घावाची खूण होती.

या कथेची पुण्यमयता सर्वजण सांगतात. तिच्यामागचा जमाखर्च फार थोडे सांगतात. बांधकाम चालू असता रॉग्नवाल्डजवळचा पैसा संपला. तेव्हा त्याने शेतकऱ्यांच्या वारसाहक्काच्या जमिनींवर अर्लचा जो दावा चालत आला होता तो विक्रीस काढला, आणि दर नांगराच्या जमिनीमागे एक मार्क भरून शेतकऱ्यांनी आपली जमीन कायमची मोकळी करून घेतली, असे सागाकार सांगतो. म्हणजे ते मंदिर ज्या पैशावर वर चढले तो पैसा बेटकऱ्यांनी आपल्या मालकीच्या मोबदल्यात दिलेला होता. १४८६ मध्ये तिसऱ्या जेम्सने कर्कवॉलला सनद देऊन हे देवालय गावाच्या स्वाधीन केले, आणि आजही ते कोणत्याही धर्मसंस्थेचे नसून नगराचे आहे.

ज्या जमिनीचा येथे उल्लेख आला तिची पद्धत ‘उडाल’ या नावाने प्रसिद्ध आहे, आणि तिचे स्वरूप मराठी वाचकाला समजावून देण्यास मला फारसे श्रम पडणार नाहीत, कारण मिरासदाराची जमीन आणि उपऱ्याची जमीन यांतील भेद त्याच्या वाडवडिलांच्या कागदपत्रांत पदोपदी आढळतो. उडाल जमीन राजाने दिलेली नसे, म्हणून राजा ती काढून घेऊ शकत नसे. मालक ‘स्कॅट’ नावाचा सारा भरी, पण कोणाचा आश्रित म्हणून नव्हे. बाप वारला की जमीन मुलांत वाटली जाई आणि मुलींनाही हिस्सा मिळे. मालकी डोंगराच्या माथ्यापासून ओहोटीच्या शेवटच्या खडकापर्यंत. समुद्रकाठी वाहून आलेले शेवाळ आणि लाकूडही त्याचेच. याच्या उलट स्कॉटलंडचा सरंजामी कायदा असा होता की, सर्व भूमी अंतिमतः राजाची, आणि खाली प्रत्येक जण वरच्याकडून लेखी दस्ताने धारण करणारा. गहाणाच्या करारनाम्याने हस्तांतर झाले होते ते केवळ राजाच्या हक्कांचे. तरीही त्याच्या पाठोपाठ दुसरा कायदा बेटांत शिरला, आणि ज्याच्याजवळ दस्त नाही त्याला मालकी सिद्ध करण्याचे ओझे स्वतःच्या शिरावर घ्यावे लागले.

या शिरकावाचे सर्वांत कठोर पर्व स्ट्यूअर्ट अर्लांचे. पाचव्या जेम्सचा अनौरस पुत्र रॉबर्ट याला १५६४ पासून येथील जमिनी मिळत गेल्या आणि पुढे अर्लपद मिळाले. त्याचा पुत्र पॅट्रिक याने कर्कवॉलमध्ये देवालयाशेजारी जो वाडा उठविला त्याचे अवशेष पाहणारा त्याच्या रसिकतेविषयी शंका घेणार नाही. परंतु जप्त्या, दंड आणि वेठ यांच्या तक्रारी एडिंबरोपर्यंत इतक्या गेल्या की १६०९ मध्ये त्याला कैद झाली. १६११ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने बेटांतील ‘परकीय’ कायदे रद्द केले. ज्या कायद्याची पायमल्ली अर्लने केली होती, त्याचाच शेवट अर्लला आवर घालण्याच्या निमित्ताने झाला, आणि जुन्या न्यायसभेचे निवाडे ज्या ग्रंथाच्या आधारे होत तो ग्रंथही पुढे नाहीसा झाला. पॅट्रिकच्या मुलाने १६१४ मध्ये बंड केले. केथनेसच्या अर्लने तोफा आणून ते मोडले, आणि तो देवालयही पाडणार होता, पण बिशप जेम्स लॉ यांनी त्याला आवरले. १६१५ च्या आरंभी मुलाला फाशी आणि बापाला शिरच्छेद झाला.

अर्ल गेले, वसुली राहिली. सारा धान्यात, लोण्यात आणि तेलात भरावयाचा असे, आणि तो ‘पुंडलर’ व ‘बिस्मर’ या लाकडी काट्यांवर मोजला जाई. लिस्पंड नावाचे वजन नावाने तेच राहून प्रत्यक्षात वाढत गेले, अशी जमीनधारकांची फिर्याद होती, आणि ती त्यांनी अठराव्या शतकात या वसुलीचा तेव्हाचा धनी अर्ल ऑफ मॉर्टन याच्याविरुद्ध न्यायालयात नेली. पुंडलरचा खटला या नावाने प्रसिद्ध असलेले ते प्रकरण १७३३ पासून १७५९ पर्यंत चालले. निकाल अर्लच्या बाजूने लागला.

त्याच शतकात समुद्रकाठच्या शेवाळालाही भाव आला. ते वाळवून जाळले की जी राख उरते तिच्यातील क्षार काच आणि साबण यांच्या कारखान्यांना लागत. सुमारे २० टन ओल्या शेवाळापासून एक टन माल होई. स्ट्रॉन्से बेटावर १७२० च्या दशकात हा धंदा सुरू झाला, आणि १७४२ मध्ये तेथेच दंगे झाले, कारण धुराने मासे दूर जातील आणि गुरे आजारी पडतील असे लोकांना वाटत होते. लाभ बहुतांशी जमीनदाराचा, आणि थंड पाण्यात उभे राहून शेवाळ ओढण्याचे कष्ट कुळाचे. ओहोटीच्या खडकापर्यंत पोहोचणारी जुनी मालकी कोणी विसरले नसेल, पण ती चालविण्याचे सामर्थ्य कोणाजवळ राहिले नव्हते. १८३० च्या सुमारास परदेशी क्षार स्वस्त झाले आणि हा व्यापार बसला.

आता मी राउझी बेटाकडे येतो. येथे या कथेत हिंदुस्थान अनपेक्षितपणे प्रवेश करतो. जॉर्ज विल्यम ट्रेल हा ऑर्कनीच्या एका घराण्यातील मनुष्य. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत त्याने कुमाऊँचा कमिशनर म्हणून सुमारे वीस वर्षे काढली. हिमालयातील एका खिंडीला त्याचे नाव आहे, आणि १८२३ मध्ये, म्हणजे संवत् १८८० मध्ये, त्याने गावागावांच्या ज्या सीमा नोंदविल्या तो ‘अस्सी साला’ बंदोबस्त त्या पहाडी मुलखात आजही आधारभूत मानला जातो. गावकऱ्याची सीमा लिहून ठेवणाऱ्या या अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर राउझीची जमीनदारी विकत घेतली आणि क्वांडेल व वेस्टनेस येथील दोनशेच्या आसपास माणसांना घराबाहेर काढून तेथे मेंढरे घातली. ऑर्कनीत एवढ्या मोठ्या प्रमाणावर वस्ती उठविल्याचे दुसरे उदाहरण नाही. एकाच मनुष्याच्या आयुष्यातील ही दोन कृत्ये शेजारी ठेवून पाहिली म्हणजे मन अस्वस्थ होते, आणि कुमाऊँच्या बंदोबस्ताचे गुणगान करणाऱ्या लेखकांनी राउझीचे नाव घेऊ नये याचे दुःखही होते.

त्याचा वारस फ्रेडरिक विल्यम ट्रेल-बरोज हिंदुस्थानातच जन्मला. ९३ व्या हायलँडर पलटणीतून १८५७ च्या युद्धात लखनौच्या सिकंदरबागेवरील हल्ल्यात तो होता. पुढे जनरल झाला आणि राउझीला येऊन राहिला. खंड वाढत गेले. ज्या कुळाने खडकाळ रान फोडून शेत केले त्याच्यावर त्या सुधारणेबद्दलच अधिक आकार बसू लागला. १८८३ मध्ये कुळांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी सरकारने आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर हे पूर्वी मद्रासचे गव्हर्नर होते, आणि १८७२ मध्ये काही काळ त्यांनी व्हाइसरॉयचे कामही पाहिले होते. कर्कवॉल येथील सुनावणीत राउझीच्या कुळांच्या वतीने जेम्स लेनर्ड नावाच्या गवंड्याने निर्भयपणे साक्ष दिली. साक्ष देणाऱ्यांना त्रास होणार नाही असे वचन जनरलकडे मागण्यात आले. ते त्याने दिले नाही, आणि लेनर्डला लवकरच बेटावरील घर सोडावे लागले. धमकीच्या एका निनावी पत्राच्या चौकशीसाठी बेटावर आरमाराची तोफनौकाही आली. परंतु १८८६ च्या क्रॉफ्टर कायद्याने कुळाला कायमपणा, वारसा आणि वाजवी खंड यांची हमी दिली, आणि नव्या न्यायमंडळाने राउझीचे खंड उतरवून थकबाकीचा मोठा भाग रद्द केला. पहिल्या महायुद्धानंतर जमीनदाऱ्या विकल्या जाऊ लागल्या तेव्हा बहुतेक कुळांनी आपापली शेते विकत घेतली, आणि आता त्यांच्याजवळ दस्तही आले.

ज्यांना जमीन पुरली नाही ते दूर गेले. हडसन बे कंपनीची जहाजे अठराव्या शतकाच्या आरंभापासून स्ट्रॉमनेसला पाणी व माणसे घेण्यास थांबत, आणि १७९९ मध्ये कॅनडातील तिच्या ५३० नोकरांपैकी ४१६ ऑर्कनीचे होते. त्याच सेवेत घडलेला डॉ. जॉन रे १८५४ मध्ये फ्रँकलिनच्या आर्क्टिक प्रदेशात हरवलेल्या मोहिमेची वार्ता घेऊन परत आला. इनुइट लोकांच्या तोंडून ऐकलेले सत्य, उपासमारीने शेवटी माणसांनी माणसांचे मांस खाल्ले हेही, त्याने जसेच्या तसे कळविले. तेव्हा डिकन्ससारख्या लेखकाने इनुइटांच्या शब्दावर विश्वास ठेवणेच अनुचित ठरविले, आणि रे याला त्याच्या योग्यतेचा मान मिळाला नाही. पुढील शोधांनी रे आणि इनुइट दोघेही खरे ठरले आहेत.

विसाव्या शतकातील ऑर्कनी जगाला माहीत आहे ती स्कापा फ्लो या नैसर्गिक बंदरामुळे, आणि त्याविषयी सहज मिळणारे ग्रंथ पुष्कळ असल्याने मी त्यावर एकच प्रकरण लिहिले आहे. १९१६ च्या ५ जूनला ‘हॅम्पशायर’ ही युद्धनौका येथूनच निघाली आणि मारविक हेडजवळ सुरुंगावर आदळून बुडाली. तिच्यावर लॉर्ड किचनेर होता, ज्याने हिंदुस्थानचा सरसेनापती असताना १९०५ मध्ये नाशिकजवळ देवळालीस सैनिकी अधिकाऱ्यांचे विद्यालय काढले होते. १९१९ च्या २१ जूनला येथे नजरकैदेत असलेल्या जर्मन आरमाराने आपलीच ५२ जहाजे बुडविली. १९३९ च्या ऑक्टोबरात जर्मन पाणबुडीने ‘रॉयल ओक’ बुडवून आठशेहून अधिक माणसे मारली, तेव्हा पूर्वेकडील वाटा बंद करण्यासाठी दगडी बांध घालण्यात आले. त्यांवर राबणाऱ्या इटालियन युद्धकैद्यांनी दोन पत्र्याच्या झोपड्या जोडून, डोमेनिको किओक्केत्ती या कैद्याच्या कुंचल्याने रंगविलेले जे प्रार्थनागृह उभे केले, ते मात्र मी विस्ताराने वर्णिले आहे, कारण कैद्यांच्या हातचे इतके प्रेमळ काम मला दुसरे ठाऊक नाही.

आज बेटांची लोकसंख्या २२,००० च्या आसपास आहे. १८६१ मध्ये ती ३२,००० हून अधिक होती. उत्तर समुद्रातील तेल १९७० च्या दशकात फ्लोटा बेटावर उतरू लागले, आणि आता वारा, लाटा व भरतीचे प्रवाह यांपासून वीज काढण्याचे प्रयोग स्ट्रॉमनेसहून चालतात. जुलै २०२३ मध्ये बेटांच्या कौन्सिलने आपल्या राज्यव्यवस्थेचे पर्याय तपासण्याचा ठराव केला, आणि नॉर्वेशी असलेल्या जुन्या नात्याची चर्चा पुन्हा वर्तमानपत्रांत आली.

साधनांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. सागा लिहिणारा दूरच्या देशातला. १४९२ पासूनच्या ज्या साऱ्याच्या वह्या उपलब्ध आहेत त्या वसूल करणाऱ्याच्या. खटल्यांचे कागद वकिलांचे. या दप्तरांत बेटकरी आहे तो देणेकरी म्हणून. त्याचे स्वतःचे बोलणे, प्रश्नोत्तरांच्या रूपाने, असे सलग छापलेले प्रथम सापडते ते १८८३ च्या आयोगाच्या साक्षींत. म्हणून या ग्रंथातील सर्वांत मोठे प्रकरण मी त्या साक्षींना दिले आहे, आणि राजे व अर्ल यांची वंशावळ परिशिष्टात घातली आहे.